शून्य टक्के बॅलन्स ट्रान्सफर खरं कितीला पडतं?

बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे एका क्रेडिट कार्डावरची थकबाकी कमी व्याजाच्या दुसऱ्या कार्डावर हलवणं. त्याच्या जाहिरातीत एकच आकडा ठळक असतो, व्याजाचा. बाकीचे आकडेही दिलेले असतात, पण विखुरलेले. एक शुल्काच्या तक्त्यात, दुसरा तळटीपेत, तिसरा फोनवरच्या माणसाने भराभर वाचून दाखवलेल्या वाक्यात. आणि सगळ्यात महागडे दोन तर कुठल्याच तक्त्यात सापडत नाहीत, कारण ते कार्ड वापरण्याच्या आपल्या सवयीतून तयार होतात. हे सगळे आकडे एका कागदावर आणून त्यांची एकच बेरीज करायची, एवढंच काम आहे. ते ट्रान्सफरच्या आधी करायचं असतं. नंतर केलं तर फक्त मनस्ताप होतो.

सगळीकडे एकच उदाहरण धरू. जुन्या कार्डावर १,००,००० थकलेत. चलन कोणतंही समजा, गणित तेच राहतं. जुन्या कार्डाचा दर महिन्याला ३ टक्के, म्हणजे वर्षाला ३६. हा आकडा हवेतून आणलेला नाही. भारतात बऱ्याच कार्डांचा दर महिना ३ ते पावणेचार टक्क्यांच्या दरम्यान असतो. नवं कार्ड म्हणतं: १२ महिने शून्य टक्के व्याज, ट्रान्सफर शुल्क ३ टक्के. शुल्कावर कर लागतो. भारतात तो १८ टक्के जीएसटी आहे, तोच धरू.

पहिली पायरी: जुन्या कार्डाचा आजचा आकडा काढा

बहुतेक जण स्टेटमेंट उघडतात, त्यावरची रक्कम बघतात आणि तेवढ्याच रकमेचं ट्रान्सफर मागतात. पहिली चूक इथेच होते. स्टेटमेंटवरचा आकडा स्टेटमेंटच्या तारखेचा असतो. थकबाकी असलेल्या कार्डावर व्याज रोज चढतं. स्टेटमेंट निघाल्यापासून ट्रान्सफरचे पैसे जुन्या कार्डात जमा होईपर्यंत समजा २० दिवस गेले, तर एक लाखावर ३६ टक्क्यांनी १,९७३ व्याज झालेलं असतं. ट्रान्सफर एक लाखाचं झालं, तरी पुढच्या स्टेटमेंटवर हे १,९७३ हजर.

रक्कम छोटी असते, म्हणूनच ती घात करते. कार्ड 'संपलं' असं समजून आपण ते कपाटात टाकतो, ॲप उघडत नाही, मेलकडे बघत नाही. माझ्या एका जुन्या कार्डावर असंच झालं होतं. उरलेलं व्याज किरकोळ होतं आणि त्यावर लागलेलं विलंब शुल्क त्याहून मोठं. नुसतं शुल्क भरून सुटलो असतो तर ठीक होतं, पण उशिरा भरल्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात, गेली आणि ती नंतर बराच काळ दिसत राहिली.

म्हणून कस्टमर केअरला विचारायचा प्रश्न असा: 'अमुक तारखेला हे कार्ड पूर्ण फेडायचं असेल तर एकूण किती भरावे लागतील?' तारीख पंधरा-वीस दिवस पुढची द्या. जो आकडा मिळेल तो कागदाच्या डोक्यावर लिहा. ट्रान्सफर झाल्यावरही पुढची दोन स्टेटमेंट उघडून बघायची, हे आत्ताच ठरवून टाका.

दुसरी पायरी: ऑफर नक्की कोणत्या जातीची आहे ते ओळखा

'बॅलन्स ट्रान्सफर' या एकाच नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्यांचे खर्च एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिली जात साधी. रक्कम नव्या कार्डावर येते, ठरलेले महिने व्याज लागत नाही, तुम्ही हवं तेवढं फेडता (किमान देय रकमेपेक्षा कमी नाही), आणि मुदत संपली की उरलेल्या रकमेवर त्या कार्डाचा नेहमीचा दर सुरू होतो.

दुसरी हप्त्यांची. भारतात ही जास्त दिसते. रक्कम ३, ६, ९, १२ महिन्यांच्या ईएमआयमध्ये बसवली जाते आणि दर सांगतात तो 'महिन्याला एक टक्का' असा. इथे एक शब्द विचारायचा: फ्लॅट की रिड्युसिंग? फ्लॅट असेल तर व्याज शेवटपर्यंत मूळ एक लाखावर लागतं, तुम्ही निम्मं फेडलेलं असलं तरी. रिड्युसिंग असेल तर फक्त उरलेल्या, घटत्या शिलकेवर. महिना एक टक्का फ्लॅट म्हणजे १२ महिन्यांत १२,००० व्याज आणि ९,३३३ चा हप्ता. घटत्या शिलकेवर मोजलं तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो, बारा नाही. त्यात आपलं ३,५४० चं शुल्क मिळवलं की साडेअठ्ठावीस. छत्तीसपेक्षा कमी आहेच, मी नाही म्हणत नाही. पण 'एक टक्का' ऐकून मनात जे चित्र उभं राहतं, ते हे नव्हे.

तिसरी जात 'व्याज पुढे ढकललेली'. अमेरिकेत दुकानांच्या कार्डांवर, मुख्यतः खरेदीसाठी, ही योजना चालते. मुदतीत पूर्ण रक्कम फेडली तर व्याज नाही, पण शेवटच्या दिवशी थोडीशी जरी शिल्लक राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम लावतात. खऱ्या शून्य टक्क्यात असं होत नाही. तिथे व्याज लागतं ते फक्त मुदतीनंतर आणि फक्त उरलेल्या रकमेवर. अटींमध्ये 'मुदतीत पूर्ण फेडल्यास' असे शब्द दिसले की थांबा आणि पुन्हा वाचा.

चौथी जात म्हणजे पैसे जुन्या कार्डात न जाता थेट तुमच्या बँक खात्यात येणं, किंवा कार्ड कंपनीने पाठवलेला चेक वटवणं. कधीकधी यालाही ट्रान्सफरच म्हणतात, पण हिशेबात तो रोख रक्कम काढल्यासारखा धरला जाऊ शकतो. तसं झालं तर शुल्क वेगळं, दर वेगळा, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. ही रक्कम ट्रान्सफरच्या दराने धरली जाईल की रोख उचलीच्या, हे लेखी मागून घ्या.

तिसरी पायरी: शुल्काचं वार्षिक दरात रूपांतर करा

सगळ्या गाइडमध्ये 'शुल्क ३ ते ५ टक्के असतं' असं लिहून पुढे जातात. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, कारण आपण त्यांची तुलना छत्तीसशी करतो. पण छत्तीस हा वर्षाचा दर आहे आणि तीन हे एकदाच, तेही सुरुवातीलाच घेतलेले. दोन्ही एका मापात आणल्याशिवाय तुलना करता येत नाही.

आपल्या उदाहरणात शुल्क ३,०००, त्यावर कर ५४०, एकूण ३,५४०. म्हणजे पहिल्याच दिवशी नव्या कार्डावर १,०३,५४० चढतात. १२ समान हप्त्यांत फेडायचे तर महिन्याला ८,६२८. या काळात तुमच्या डोक्यावर एक लाख पूर्ण वर्षभर नसतात. दर महिन्याला ते कमी होत जातात. त्या घटत्या शिलकेवर ३,५४० चा खर्च म्हणजे वर्षाला सुमारे साडेसहा टक्के. शून्याच्या जागी हा आकडा लिहा.

आता तेच शुल्क ठेवून फक्त मुदत बदलून बघू. ६ महिन्यांची ऑफर असेल तर दर सुमारे १२ टक्के होतो. ३ महिन्यांची असेल तर जवळजवळ २१. व्याज तिन्ही ठिकाणी शून्यच लिहिलेलं आहे आणि शुल्कही तिन्ही ठिकाणी तीनच टक्के. लहान मुदतीच्या शून्य टक्के ऑफर या कारणाने महाग पडतात.

हा हिशेब घरी करायचा असेल तर कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये 'रेट' नावाचं तयार सूत्र असतं. त्याला हप्त्यांची संख्या, हप्ता (उणे चिन्ह लावून) आणि जुन्या कार्डावरची खरी फिटलेली रक्कम द्या. महिन्याचा दर मिळतो, त्याला १२ ने गुणा.

जुन्याच कार्डावर राहून दरमहा तेच ८,६२८ भरले असते तर काय झालं असतं? पंधरावा हप्ता लागला असता आणि व्याज सुमारे २४,७०० गेलं असतं. त्यापुढे ३,५४० म्हणजे चांगलाच फायदा. भारतात कार्डाच्या व्याजावरही जीएसटी लागतो, त्यामुळे ३६ टक्क्यांचे प्रत्यक्षात ४२.४८ होतात आणि हा फायदा आणखी वाढतो. ट्रान्सफर वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण हे गणित जुळतं ते बारा महिने शिस्तीत भरले तर. आणि उलट बाजूही बघा: तुमचा बोनस पुढच्या महिन्यात येणार आहे आणि सगळी थकबाकी तेव्हाच फिटणार आहे, तर जुन्या कार्डावर एका महिन्याचं व्याज ३,००० लागेल, करासह धरलं तर ३,५४०. म्हणजे शुल्क आणि व्याज बरोबरीत, वर नव्या कार्डाची कटकट. एवढ्यासाठी ट्रान्सफर करू नका.

शुल्काच्या तक्त्यात टक्केवारीच्या शेजारी आणखी एक वाक्य असतं, 'किंवा किमान अमुक, यांपैकी जे जास्त असेल ते'. मोठ्या रकमेला हे लागू होत नाही. पण ६,००० च्या थकबाकीवर किमान शुल्क ५०० असेल, तर तीन टक्क्यांचे आठहून अधिक झाले. दोन-तीन कार्डांवरून छोट्या छोट्या रकमा आणणाऱ्यांना हा किमान आकडा प्रत्येक ट्रान्सफरला वेगळा बसतो.

चौथी पायरी: घड्याळ कधीपासून चालू होतं ते विचारा

'१२ महिने' कधीपासून? खातं उघडल्यापासून की ट्रान्सफर जमा झाल्यापासून? खातं उघडल्यापासून असेल आणि कार्ड हातात येऊन, ट्रान्सफर मागून, पैसे पोचेपर्यंत दीड महिना गेला, तर तुमच्या हातात साडेदहाच महिने उरतात. हप्ता त्या हिशेबाने काढावा लागतो.

याचा दुसरा भाग म्हणजे खिडकी. बऱ्याच ऑफरमध्ये सवलतीचा दर फक्त पहिल्या ६० किंवा ९० दिवसांत केलेल्या ट्रान्सफरला मिळतो. नंतर त्याच कार्डावर आणलेली रक्कम नेहमीच्या दराने. शुल्कही पहिल्या काही दिवसांत कमी आणि नंतर जास्त असू शकतं.

आणि जाहिरातीतला 'पर्यंत' हा शब्द. '१८ महिन्यांपर्यंत' म्हणजे काहींना अठरा, काहींना बारा, काहींना नऊ. तुम्हाला किती, ते अर्ज मंजूर झाल्यावर कळतं, आणि तोवर तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर चौकशीची नोंद झालेली असते. ब्रिटनमध्ये जाहिरातीतला प्रातिनिधिक दर मंजूर ग्राहकांपैकी किमान ५१ टक्क्यांना मिळावा असा नियम आहे. उरलेल्या ४९ टक्क्यांत कोण, याचं उत्तर जाहिरातीत नसतं. अर्जाआधी पात्रता तपासायची सोय असेल, जिच्यामुळे रिपोर्टवर परिणाम होत नाही, तर ती आधी वापरा.

पाचवी पायरी: लिमिटमध्ये किती बसतं ते बघा

नव्या कार्डाची लिमिट एक लाख मिळाली म्हणजे एक लाख ट्रान्सफर होतील असं नाही. ट्रान्सफरसाठी बऱ्याचदा लिमिटच्या ठरावीक टक्क्यांचीच परवानगी असते, आणि शुल्कही बहुधा त्याच लिमिटमधून वजा होतं. समजा ८०,००० मंजूर झाले. जुन्या कार्डावर २०,००० राहिले, त्यांचं पहिल्या महिन्याचं व्याज ६००, आणि आता सांभाळायला दोन कार्डं, दोन देय तारखा. उरलेले २०,००० आधी संपवायचे, कारण महाग तेच आहेत. नव्या कार्डावर ठरलेला हप्ता आणि जास्तीचा प्रत्येक पैसा जुन्यावर. लोक नेमकं उलट करतात, नव्या कार्डाची मुदत डोळ्यांसमोर असते म्हणून.

एकाच बँकेच्या दोन कार्डांमध्ये ट्रान्सफर सहसा होत नाही. हे अर्जाआधीच बघून घ्या. एकाच समूहाच्या वेगळ्या नावाच्या कार्डांनाही हा नियम लागू असू शकतो.

सहावी पायरी: पैसे पोचेपर्यंत जुनं कार्ड भरत राहा

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण चुकतं खूप जणांचं. ट्रान्सफरला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. मधल्या काळात जुन्या कार्डाची देय तारीख आली तर किमान रक्कम तरी भरा. नंतर जास्त भरणा झाला तर ते पैसे परत मिळतात. चुकलेल्या तारखेची नोंद पुसता येत नाही.

जुन्या कार्डावरचे ऑटो-डेबिटही याच वेळी हलवा. मोबाइल, विमा, सिनेमे बघायची वर्गणी. नाहीतर 'शून्य' झालेलं कार्ड दर महिन्याला पुन्हा भरू लागतं.

सातवी पायरी: नव्या कार्डावर खरेदी करू नका

हा सगळ्यात महाग खर्च, आणि याला शुल्क असं नावही नाही.

क्रेडिट कार्डाची बिनव्याजी मुदत आपल्याला हक्कासारखी वाटते: आज खरेदी केली, महिन्या-दीड महिन्याने पैसे भरले, व्याज नाही. पण ही सवलत मिळते ती मागचं बिल पूर्ण भरणाऱ्याला. ट्रान्सफर केलेली रक्कम शून्य टक्क्यांची असली तरी ती शिल्लकच असते. ती कार्डावर असताना बिल 'पूर्ण भरलं' असं होत नाही. म्हणून अनेक कार्डांवर नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून, नेहमीच्या दराने व्याज लागतं. भारतात रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बिनव्याजी मुदत कधी रद्द होते हे कार्ड कंपनीला स्पष्ट सांगावं लागतं. ते कार्डाबरोबर येणाऱ्या 'सर्वात महत्त्वाच्या अटी' या कागदात असतं, ज्याला एमआयटीसी म्हणतात. तो कागद आपण घडी न उघडता ठेवून देतो.

आता पुढचा पेच. नव्या कार्डावर दोन शिलका झाल्या: शून्य टक्क्यांचे एक लाख आणि ३६ टक्क्यांची, समजा, १५,००० ची खरेदी. तुम्ही ८,६२८ भरलेत. ते कुठे वळते होणार? आधी स्वस्त शिलकेत वळते केले, तर १५,००० वर्षभर तसेच राहतात आणि साधं व्याज धरलं तरी ५,४०० होतं. ट्रान्सफर शुल्काच्या दीडपट, एका खरेदीमुळे.

पूर्वी बहुतेक ठिकाणी असंच चाले, आणि कंपन्यांची मोठी कमाई यातूनच होत असे. अमेरिकेत २००९ च्या कार्ड ॲक्टने हे बदललं. किमान देय रकमेच्या वर जे भरता ते आधी सर्वात महाग शिलकेत जमा करावं लागतं. पण किमान रकमेपुरती कंपनीला अजूनही मोकळीक आहे. ब्रिटनमध्ये २०११ पासून महाग शिलकेला प्राधान्य आहे. तुम्ही जिथे असाल तिथला क्रम अटींमध्ये 'भरणा कसा वळता केला जाईल' अशा मथळ्याखाली शोधा. साधारणतः आधी शुल्क आणि कर, मग हप्ता, मग व्याज, असा काहीतरी क्रम लिहिलेला असतो. तो वाचला की कळतं की आपण भरलेल्या पैशांतलं मुद्दलापर्यंत पोचतं किती.

सोपा उपाय: नवं कार्ड ट्रान्सफरपुरतं. ते पाकिटात ठेवायचं नाही, कुठल्याही ॲपमध्ये सेव्ह करायचं नाही. 'पहिल्या खरेदीवर इतके पॉइंट' असा मेसेज येईल. येऊ दे. ट्रान्सफरच्या रकमेवर पॉइंट बहुधा मिळत नाहीत आणि वार्षिक शुल्क माफ होण्यासाठी लागणाऱ्या खर्चातही ती धरली जात नाही. वार्षिक शुल्क दुसऱ्या वर्षी सुरू होणार असेल तर तोही आकडा कागदावर घ्या.

फोनवर याच वेळी 'पेमेंट प्रोटेक्शन'सारखा विमा जोडायचा आग्रह होतो. नोकरी गेली तर हप्ते विमा भरेल, वगैरे. ब्रिटनमध्ये असा विमा चुकीच्या पद्धतीने विकल्याबद्दल बँकांना ३८ अब्ज पाउंडांहून अधिक भरपाई द्यावी लागली. दाव्यांची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. फोनवर 'हो' म्हणायच्या आधी एवढं आठवावं.

आठवी पायरी: किमान रकमेवर विसंबू नका

नवं कार्ड स्टेटमेंटवर किमान देय रक्कम छापेल. समजा शिलकेच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात ५,१७७, म्हणजे आपल्या ८,६२८ पेक्षा बरीच हलकी. मोह होतोच. पण फक्त किमान रक्कम भरत गेलात तर बारा महिन्यांनी, शून्य टक्के संपण्याच्या दिवशी, सुमारे ५६,००० शिल्लक असतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांना ३ टक्के लागू, पहिल्याच महिन्याला १,६८० च्या आसपास. मग पुन्हा नवीन ट्रान्सफर, पुन्हा शुल्क. हे चक्र तीनदा फिरवणारी माणसं मी पाहिली आहेत; प्रत्येक वेळी आपण व्याज वाचवलं असंच त्यांना वाटत होतं.

म्हणून ऑटो-पे 'किमान रक्कम' या पर्यायावर ठेवू नका. मुदतीचे महिने मोजून ठरावीक रक्कम लावा, आणि मुदतीचा शेवटचा महिना हिशेबात धरूच नका. बारा महिन्यांची ऑफर असेल तर अकराने भागा: १,०३,५४० भागिले ११, म्हणजे ९,४१३. शेवटी एखादा महिना अडला तरी सवलतीच्या आत राहता.

भरण्यात उशीर झाला तर विलंब शुल्क लागेलच, पण खरी भीती ऑफर रद्द होण्याची. काही अटींमध्ये एका चुकलेल्या तारखेवर शून्य टक्के संपतात. अमेरिकेत आधीच्या शिलकेवरचा दर वाढवायला ६० दिवसांचा उशीर व्हावा लागतो. भारतात देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही, आणि ते उरलेल्या थकबाकीवरच मोजायचं असतं. पण या तीन दिवसांच्या भरवशावर राहू नका. ती सूट विलंब शुल्कापुरती आहे, ऑफरच्या अटी वेगळ्या असतात.

नववी पायरी: लवकर फेडायचं असेल तर

साध्या शून्य टक्के ट्रान्सफरमध्ये लवकर फेडायला सहसा काही लागत नाही. हप्त्यांच्या ट्रान्सफरमध्ये लागू शकतं. मुदतीआधी फेडण्याच्या या शुल्काला फोरक्लोजर चार्ज म्हणतात: उरलेल्या मुद्दलाच्या काही टक्के, वर कर. मधेच रद्द केलं तरी सुरुवातीची प्रोसेसिंग फी परत मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हाती पैसे आले म्हणून लगेच फेडू नका. आधी उरलेलं एकूण व्याज आणि फोरक्लोजरचा खर्च शेजारी-शेजारी लिहा. मुदत शेवटाकडे आली असेल तर फेडण्याने फारसं काही वाचत नाही.

अर्जाआधीचा फोन

एवढं सगळं फोनवर विचारायचं म्हटलं की लोक संकोचतात. मी कागदावर लिहून घेतो आणि पलीकडच्या माणसाला सरळ सांगतो की उत्तरं लिहून घेतोय. त्याने त्यांचा वेगही कमी होतो. प्रश्न असे: करासह एकूण शुल्क किती आणि ते कशातून वजा होणार? दर फ्लॅट की घटत्या शिलकेवर? मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि त्यानंतरचा दर काय? माझ्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत राहील का? एक तारीख चुकली तर ऑफरचं काय होतं? लवकर फेडलं तर काय लागतं? उत्तरं मिळाली की शेवटी एक विनंती: 'हे सगळं मेलवर पाठवा.' ज्या उत्तरासाठी मेल येत नाही, ते उत्तर मिळालंच नाही असं धरा.

जुन्या कार्डाचं काय करायचं

लगेच बंद करू नका. आधी दोन स्टेटमेंट शून्याची येऊ द्या, म्हणजे उरलेलं व्याज निघालं तर ते भरता येईल. कार्ड खूप जुनं असेल आणि वार्षिक शुल्क नसेल तर ते तसंच, न वापरता, ठेवण्यालाही अर्थ आहे. ते बंद केलं की एकूण उपलब्ध लिमिट कमी होते आणि नवं कार्ड जवळजवळ भरलेलं असल्याने वापराचं प्रमाण, म्हणजे एकूण लिमिटपैकी किती वापरली ते, एकदम चढतं, आणि कर्ज देणारे ते बघतात. पुढच्या वर्षभरात घरासाठी वगैरे कर्ज काढायचं असेल तर हा मुद्दा शुल्कापेक्षा महाग पडू शकतो.

बंद करायचंच ठरलं तर अर्ज लेखी करा आणि संदर्भ क्रमांक घ्या. भारतात थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला मिळतो. थकबाकी नसल्याचं पत्र मागून घ्या. दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून त्या खात्यापुढे 'बंद' आणि शिलकेच्या रकान्यात शून्य आहे ना, एवढं बघा. नसेल तर ते पत्र जोडून क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे हा रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेकडे, दुरुस्तीचा अर्ज करा.